पुतळीची हाक

मी एक जुनी लिखाणाची पेटी आहे, मित्रांनो; उतरत्या झाकणाची, मांडी घालून बसणाऱ्यासाठी बेतलेली. कुळगीजवळ वादळात एक फणस पडला, त्यातून लखू सुताराने मला घडवले. परशुराम कारकुनांनी मला ओसरीवर मांडले. वखारीचे लिखाण ते माझ्यावर करीत आणि त्यांची लेक पुतळी माझ्या झाकणावरून चिंचोके घसरवी. मला तिचा भारी लळा होता.

आमच्याकडे म्हणतात, रानातले भूत एकदाच हाक मारते; माणूस असेल तर पुन्हा मारील. म्हणून पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. एका उन्हाळ्यात पुतळी करवंदांना गेली. दिवस कलताना रानातून हाक आली, "बाबा!" परशुरामांचा टाक थांबला. ते अर्धवट उठले आणि दुसऱ्या हाकेची वाट पाहत तसेच राहिले. दुसरी हाक आलीच नाही. मग गावाने रान पिंजून काढले. ओढ्याकाठी करवंदांची टोपली सापडली, पुतळी नाही.

त्यानंतर ते मुलांसाठी गोष्टी लिहू लागले. बोलणारी वारुळे, वाट दाखवणारे शेकरू, सागाच्या पानावर बसून उडणारी मुलगी. बेळगावात पुस्तके छापली गेली, मुलांनी ती फाटेपर्यंत वाचली. प्रत्येक गोष्टीत मुलगी एकदाच हाक मारी आणि सारे रान ओ देई. ते वाक्य आले की टाक तिथेच अडे आणि शाई ठिबके. शाईचे ते डाग माझ्या अंगावर अजून आहेत.

आणि रोज दिवस कलला की खरी हाकही येई, एकदाच. परशुराम मान खाली घालून लिहीत राहत. त्यांची बायको रुक्मा तेवढी चूल फुंकायची थांबे. एकदा मात्र हाक आल्यावर ती दारात येऊन म्हणाली, "तुमच्या गोष्टीत मुंग्याबी ओ देत्यात. बापानं न्हाई दिली."

परशुरामांनी टाक ठेवला, अंगणाच्या कडेला जाऊन मोठ्याने ओ दिली. शेजाऱ्यांनी दारे लावून घेतली. पण मरेपर्यंत रोज हाकेला ओ देण्याचा त्यांचा नेम चुकला नाही.

आता दोघेही नाहीत. माझ्यात कोंबडी अंडी घालते. तक्रार नाही, तेवढीच ऊब. पण मी रानचे लाकूड, मला अजून ऐकू येते. दिवस कलतो, करवंदीच्या जाळीतून हाक येते आणि ओसरीवर कोणी नसते. मला तोंड नाही, मित्रांनो. तुम्हाला आहे. कुणाचे लेकरू हाक मारील, तेव्हा दुसऱ्या हाकेची वाट पाहू नका.