प्रशिकची वाक्यं

माझा भाऊ प्रशिक जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि तो अजून आईशी बोलत होता. मला भुताखेतांच्या गोष्टींचा संताप येतो, म्हणून आधीच सांगते, यात तसलं काही नाही. आमची जरीपटक्यात खानावळ आहे. डबे मागवायला प्रशिकनं वेबसाइट केली होती, पीएचपी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत. मागण्या बघायला आईनं तिचं पान उघडलं की वर एखादं वाक्य यायचं. "आई, पाणी पिली काय?" "आई, तिखट कमी टाक, पोट्टे रडून राहिले." एकदा मागण्या फारच कमी होत्या, तर पान म्हणालं, "आज धंदा थंडा आहे, पाय लांब कर."

आई माझ्याकडे बघत राहिली. "त्याले कसं समजलं वं?"

कळमेश्वरच्या रस्त्यावर ट्रकखाली गेलेल्या माणसाला काय समजणार! पण काटा माझ्याही अंगावर आला.

मग साइट ज्यांच्या कॉम्प्युटरवरून चालायची त्या सर्व्हरवाल्यांचा मेल आला. पीएचपीची जुनी आवृत्ती महिनाअखेर बंद होणार, कोड नवा करा, नाहीतर साइट चालणार नाही. मी नुकतीच मोहित सरांच्या प्रोग्रामिंगच्या क्लासला जायला लागले होते. सर्व्हरवर चालणारी पहिली भाषा निवडायची होती, पीएचपी किंवा पायथन.

"पीएचपीच घे," आई म्हणाली. "प्रशिकचं काम बंद नको पडू देऊ."

"मी पायथन घेऊन राहिली."

"काहून?"

"नोकऱ्या जास्त आहेत त्यात."

ही थाप होती. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की असं पान आधीपासून तयार नसतं. कुणी मागितलं की सर्व्हर ते तेव्हाच बनवतो, आपल्या गरम पोळीसारखं. गिऱ्हाइकाला पोळी दिसते, स्वयंपाकघर दिसत नाही. म्हणजे प्रशिकची वाक्यंही आत कोडमध्ये मोजून लिहिलेली असणार. कोड वाचता येत नव्हता तोवर प्रशिक उद्या काहीही नवीन बोलू शकत होता. वाचता आला असता तर त्याचं शेवटचं वाक्य दिसलं असतं, आणि त्याखाली रिकामी जागा. मला तिची भीती वाटत होती.

आईनं पुन्हा विषय काढला नाही. एका दुपारी मी क्लासहून आले तर ती फोन समोर धरून बसली होती. मागण्या तर केव्हाच संपल्या होत्या. "बसली पाय लांब करून आता," ती फोनला म्हणाली, "तू नको काळजी करू." मी चप्पलही न काढता परत क्लासला गेले.

"सर, मले पीएचपी शिकवा."

"आता मधातच काहून?"

"घरचं काम आहे."

वाचण्यापुरती भाषा आली तेव्हा मी प्रशिकची फाइल उघडली. सकाळ असेल तर हे वाक्य, मागण्या कमी असतील तर ते. सगळी वाक्यं माझी ऐकलेली. खाली गेले, कोडचा शेवटचा कंस मिटला, संपलं. इतका राग आला त्याचा! अजून थोडं लिहून ठेवायला काय झालं होतं मेल्याला? मी खूप रडले.

सरांच्या मदतीनं कोड नव्या आवृत्तीवर चालता केला. फाइल बंद करवेना, म्हणून शेवटच्या वाक्याखाली एक माझं घातलं. तो बोलला असता तसंच.

सकाळी आईची हाक आली. "मेघा! पाह्य, प्रशिक काय म्हणून राहिला! 'मेघानं भांडी घासली काय, का नुसती लॅपटॉप घेऊन बसली?'" ती हसत होती. वर्षभरात पहिल्यांदा. "हे तर त्यानं कधीच म्हटलं नव्हतं वं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "त्याचंच असन, आई. आत कुठंतरी राहिलं असन."

तेव्हापासून मी लिहिते आहे. तो वरणाला काय नावं ठेवेल, मला कशावरून चिडवेल, सगळं मला सुचतं. आई दिवसभर त्याच्याशी बोलते. माझ्याशी कामापुरतं.

काल जेवताना तिचा चेहरा उतरलेला दिसला. मी तिच्या शेजारी सरकले. "आई, थकली काय वं? जरा पड ना."

तिनं हातानंच मला थांबवलं.

"थांब. प्रशिक काय म्हणते ते पाहू दे आधी."

आणि तिनं फोन उघडला.