हंड्याला दादा काय लावायचा?

मी तीन पायांचा बिडाचा हंडा बोलतोय. गंजलोय. कीव नको, आधी ऐका.

झोलिलेने सोन्याच्या खाणीतल्या पहिल्या पगारातून मला घेतलं आणि बसमध्ये मांडीवर धरून दक्षिण आफ्रिकेतल्या त्सोलोजवळच्या आपल्या गावी आणलं. त्याचा धाकटा भाऊ वुयो तेव्हा चार वर्षांचा होता. माझ्या पोटात मावायचा.

सोळा वर्षं गावाने मला मागून नेलं. लग्न असो, मयत असो. परत यायचो तो करपलेला आणि ओला. सुट्टीवर आला की झोलिले मला खरवडायचा, चुलीवर तापवायचा, फडक्याने काहीतरी चोळायचा आणि उपडा ठेवायचा. वुयो बघायला आला की म्हणायचा, "तू लाकडं आण रे. हे माझ्यावर सोड."

मग खाणीची धूळ त्याच्या छातीत बसली. दोन हिवाळे तो खोकत होता. तेव्हा हंडा मागायलासुद्धा कोणी दारात आलं नाही. त्याच्या मयताला मात्र सगळे आले. माझ्यात बैलाचं मटण शिजलं. तळ खरवडून खाल्ला, भिजायला पाणी ओतलं आणि गेले. त्या पाण्यात मी सहा महिने कुजलो. वुयोला माझ्याकडे बघवत नव्हतं.

आमच्याकडचं सहा महिन्यांचं सुतक उतरवायच्या आदल्या दिवशी तो एकदम उठला. "उद्याचं जेवण दादाच्याच हंड्यात होणार!" वाळू आणि विटेचा तुकडा घेऊन त्याने मला दिवसभर घासलं. बोटं सोलली. गंज गेला, खालचं राखाडी लोखंड दिसलं. मग मला धुऊन तसंच अंगणात ठेवलं. सकाळी मी पुन्हा लाल.

"आत्या, दादा याला काय लावायचा?"

"मला काय ठाऊक, बाबा? तेलबिल असेल."

"काका, तुम्ही तर दर वर्षी न्यायचात!"

"न्यायचो, पुसायचो थोडाच!" काका हसले. "पाहुण्यांना काय गंज वाढतोस? चर्चची पातेली आणलीत. बाजूला घे तो."

सोळा वर्षं जेवले. झोलिलेचा हात काय चोळतो ते एकानेही पाहिलं नाही.

मेंढी माझ्यासमोरच कापली. शेपटीची चरबी, वुयो! मला तापव, ती पातळ पुस आणि उपडा ठेव. एवढंच होतं रे! मी ओरडत होतो, पण बिडाला आवाज कुठला? पोरगं माझ्या काठावर कपाळ टेकून हुंदके देत राहिलं. मागे काका दुसऱ्यांदा वाढून घेत होते.

तुमच्या घरात कोणी मुकाट्याने भांडं पुसत असेल, तर तो आहे तोवर विचारा, काय लावतोस म्हणून. लाकडं आणायला पाठवलं तरी हलू नका.

ती चरबी कोणीतरी माझ्या पायांशी फेकली. कुत्र्याने खाल्ली.