शंभरातला एक

किबांडे टेकडीच्या बाजारात, एका बंद पडलेल्या दुकानाच्या ओट्यावर मिबुरो शिंप्याचं मशीन होतं, आणि त्या ओट्यावरून त्याने सगळी टेकडी मापून ठेवली होती. छाती, कंबर, बाही यांची मापं त्याच्या डोक्यात राहत, आणि त्यांच्याच शेजारी आणखी एक माप राही, जे कोणी घ्यायला सांगितलेलं नसे. कोण कुठल्या बाजूचा, हे.

बुरुंडीत हे कोणी कोणाला तोंडावर विचारत नाही. भाषा एक, देव एक, घेवडा सगळ्यांचा सारखाच शिजतो, आणि नाकाच्या उंचीवर भरवसा ठेवणारा हमखास फसतो. जाणकार माणूस एवढंच विचारतो, "तुमचे वडील कुठल्या साली गेले?" बहात्तर, म्हणजे हुतूंच्या कत्तलीचं साल, म्हणाला की त्या बाजूला मांडायचा. त्र्याण्णव म्हणाला तर महिनाही विचारावा लागतो, त्या साली मरण आधी तुत्सींकडे आणि मग हुतूंकडे फिरलं. 'म्हातारपणाने, अंथरुणात गेले' असं कोणी सांगितलं, की मिबुरोला तो माणूस जरा लबाडच वाटायचा.

एकूण हिशेब मात्र शाळेतल्या पोरालाही पाठ होता. शंभरात पंच्याऐंशी हुतू, चौदा तुत्सी, आणि एक त्वा, मडकी घडवणारा, सगळ्यांच्या खालचा. हा हिशेब गोऱ्या साहेबांच्या काळापासून चालत आलेला. त्यानंतर किती मेले, किती पळाले, किती परत आले, पण आकडे जागचे हलले नाहीत. मिबुरोला त्याचं हसू यायचं, कारण तो स्वतः शंभरातला एक होता आणि पंच्याऐंशीत जाऊन बसला होता.

बसला होता म्हणजे, बसवला गेला होता. त्र्याण्णवच्या पळापळीत त्याची आई, मडकी घडवणारी कान्यांगे, वाटेतच गेली. सहा वर्षांचं पोर टांझानियाच्या दिशेने धावणाऱ्या हुतूंच्या मागे लागलं. इमाकुले नावाच्या बाईने त्याचा हात धरला. तिची स्वतःची पोरं वाटेत गेली होती. छावणीत नोंद करणाऱ्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझाच आहे. आमचं जे लिहिलं तेच लिहा." पुढे छावणीतच त्याने शिवणकाम उचललं. मुद्दाम उचललं, मातीच्या जवळपास न फिरकणारं काम त्याला हवं होतं. तिथेच कॅरितासशी लग्न झालं. परत आल्यावर इमाकुलेने टेकडीच्या पंचांपुढे त्याला मुलगा म्हणून उभं केलं, नवऱ्याच्या जमिनीचा तुकडा त्याच्या हवाली केला आणि समाधानाने मेली.

तेव्हापासून रविवारी पंचांच्या अंगणात ज्वारीच्या बिअरचं मोठं मडकं मांडलं, की मिबुरोही कोंडाळ्यात बसे. बोरूची नळी या तोंडातून त्या तोंडात फिरत येई, तो ओढून घेई आणि पुढे देई. बस्स, एवढंच. पण त्वा माणसाला कोणी ती नळी देत नाही. त्याचं त्याला बाजूला, फुटक्या खापरीत मिळतं. नळी हातात आली की मिबुरो दर वेळी मनात एक रेघ ओढायचा. अजून एकदा जमलं.

या सगळ्याला टाचणी लागली ती त्याच्या मुलीमुळे, फिदेसमुळे. ती दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि तिला परिचारिका व्हायचं होतं. मिशनच्या परिचारिका-शाळेत नाव घालायला गेली आणि पाय ओढतच परत आली.

"हुतूंच्या जागा भरल्या, बाबा. माझ्याहून कमी गुणांची तुत्सी मुलगी लागली, तिच्याहून कमी गुणांचा हुतू मुलगा लागला, त्याचा मामा कचेरीत आहे."

"म्हणजे संपलं?"

"एक जागा रिकामी आहे. त्वा मुलीसाठी. कोणी आलंच नाही. सिस्टर म्हणाल्या, वस्तीतल्या जाणत्याची नाहीतर टेकडीच्या पंचांची साक्ष घेऊन कोणी महिनाअखेर आली तर ठीक, नाहीतर जागा तशीच राहील." ती हसली. "तशीच राहील, पण दुसऱ्याला देणार नाहीत."

मिबुरोचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. सुई कापडात अर्धी रुतलेली राहिली.

फिदेस पाणी आणायला गेल्यावर त्याने कॅरितासला घरामागे, केळीच्या बागेत गाठलं आणि जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ती केळफुलं तोडत होती. तोडतच राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"लग्न झालं तेव्हापासून. बाजारातून मडकं आणलं की तू आधी बोटाने वाजवून बघतोस, तडा आहे का म्हणून. आमच्यात कोणी बघत नाही. आमच्यात फुटलं की शिव्या देतात."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? नवरा चांगला होता. शिवून द्यायचा, मारायचा नाही." तिने विळा खाली ठेवला. "आता सांगत सुटू नकोस. ही जमीन इमाकुलेच्या मुलाची आहे. तू तिचा मुलगा नसलास तर गास्पार आहेच पलीकडे, तिच्या दिराचा पोरगा. रोज आपली निलगिरीची झाडं बघतो तो, स्वतःचीच असल्यासारखी."

"पोरीचं काय करायचं मग?"

"पोरीचं लग्न करायचं. बाकीच्यांच्या पोरींचं करतात तसं."

मिबुरो दोन रात्री झोपला नाही आणि तिसऱ्या दिवशी दलदलीच्या काठाला, त्वा वस्तीत गेला. तिथे बुतोयी नावाची म्हातारी सगळ्यात जाणती. ती मांडीत ओलं मडकं घेऊन त्याचा काठ अंगठ्याने सारखा करत होती.

"या शिंपीसाहेब. आमच्यात शिवण्यासारखं काय आहे? फाटक्याची सवय झालीय अंगाला."

मिबुरो उकिडवा बसला आणि खाली मान घालून सगळं बोलून गेला. बुतोयीचा अंगठा फिरतच होता.

"कान्यांगेला मी ओळखायचे," ती म्हणाली. "तिचं पोर हुतूंच्या मागे पळालं आणि गेलं, असं आम्ही धरून चाललो."

"ते पोर मीच, आजी."

"असशील." तिने बोट पाण्यात बुडवलं. "मागे मी तुझ्या दारात मडकी घेऊन आले होते. ऊन फार होतं. पाणी मागितलं. तुझ्या बायकोने घरातला तुंबा उचलला होता, आठवतं? तू तिला थांबवलंस. म्हणालास, कोंबड्यांची खापरी आण."

"लोक बघत होते."

"हो ना. बाकीचे सवयीने देतात खापरी. त्यांचं मी मनाला लावून घेत नाही. तू विचार करून दिलीस."

म्हातारीने मडकं सावलीत ठेवलं आणि हात झटकले.

"कान्यांगेच्या पोरासाठी मी रडून घेतलंय. ते रडणं आता परत कुठून घेऊ?"

"माझ्यासाठी नको. पोरीसाठी बोल. ती आपल्याच—"

"आपल्याच?" बुतोयी हसली, दात नव्हते तरी मोकळं हसली. "माझ्याही नाती आहेत. शाळेत जातात, तिसरीतूनच घरी परत येतात. बाकावर शेजारी कोणी बसत नाही, घाण वास येतो म्हणतात. तुझी दहावीपर्यंत गेली. कशाच्या जोरावर गेली, ते तूच मोज. तुला मापं चांगली येतात."

परतीच्या चढावर मिबुरोने मोजून पाहिलं. म्हातारीच्या हिशेबात चूक सापडेना.

उरले पंच. रविवारी प्रार्थना आटोपून तो बारंपामाच्या अंगणात गेला. बारंपामा हा पंचांतला मोठा. बोलायच्या आधी काठी जमिनीवर टेकवायचा आणि ती टेकवली की आवाज बंद व्हायचे. मडकं मांडलेलं होतं, नळ्या फिरत होत्या. मिबुरो उभा राहिला, परवानगी मागितली आणि बोलला. इमाकुलेने आपल्याला वाटेत उचललं, आपली आई त्वा, बाप त्वा, आणि मुलगीही म्हणून त्वा. पंचांनी तशी साक्ष द्यावी.

गास्पार हसायला लागला.

"मागे कचेरीत तुत्सींची जागा निघाली तेव्हा या टेकडीवर तिघांच्या आज्या एकाएकी तुत्सी निघाल्या होत्या. त्यांना सांगावं लागलं, बाबांनो, आजी चालत नाही, बाप लागतो. आता आमचे शिंपीदादा बाप घेऊनच आले. तेही थेट तळातला."

अंगण हसलं. बारंपामाही हसला, पण मायेने.

"मिबुरो, लेकीसाठी माणूस काय काय करतो, ते आम्हाला कळतं. पण हातात काठी धरून मी खोटी साक्ष कशी देऊ?"

"खोटी नाही, आजोबा."

"मग इमाकुले खोटी होती? ती इथेच उभी राहिली होती, तू आता उभा आहेस तिथे. म्हणाली, हा माझा मुलगा. मेलेल्या बाईला मी खोटी पाडू?"

"तिने मला वाचवायला तसं सांगितलं."

"आणि तू तुझ्या मुलीला वाचवायला असं सांगतोस. दोघांतलं कोणाचं धरू?"

गास्पारला आता चेव चढला होता. घर लिंपायला आणलेली माती अंगणाच्या कोपऱ्यात भिजत पडली होती. त्याने ओंजळभर उचलून मिबुरोपुढे टाकली. "घ्या. त्वा असाल तर एक मडकं होऊन जाऊ दे. मडकं नको, खापरी चालेल."

मिबुरो खाली बसला. माती हातात घेतली. बोटांना सुई माहीत होती, कात्री माहीत होती; मातीला ती बोटं इतकी वर्षं घाबरूनच राहिली होती. त्याने आईचे हात आठवून पाहिले. अंगठा आत, बाकीची बोटं बाहेर, आणि मग काहीतरी होतं, जे त्याला कधी कळलंच नव्हतं. भिंत उभी राहिली, वाकली, बसली. पुन्हा उभी केली, पुन्हा बसली.

"असला त्वा उपाशी मरेल," कोणीतरी म्हणालं, आणि लोक गुडघ्यावर थापा मारून हसले. मिबुरोही हसला. इतक्या वर्षांत लोक हसले की हसायचं, ही सवय लागून गेली होती.

बारंपामाने काठी टेकवली. विषय संपला. मिबुरोने हात पुसले आणि आपल्या नेहमीच्या जागी बसला. आतून त्याला थोडं हलकंही वाटलं. मुलीची जागा गेली, पण निदान आपली राहिली, असं त्याने मनात मांडलं.

नळी फिरत आली. गास्पारने ओढून घेतलं, नळीचं टोक मांडीवर पुसलं, आणि ती मिबुरोच्या पुढून हात लांबवून पलीकडच्याला दिली.

चुकून झालं असेल. मिबुरोने पुढच्या फेरीची वाट पाहिली. पुढच्या फेरीला पलीकडच्याने नळी उलट्या बाजूने त्याच्या पाठीमागून गास्पारला दिली. बारंपामा मडक्यात डोकावून बिअर किती उरली ते बघत होता, बराच वेळ बघत होता.

जागेसाठी त्यांचा विश्वास बसला नव्हता. नळीसाठी बसला होता.

महिना संपला. मिशनची शाळा सुरू झाली. त्वा मुलीची जागा रिकामी राहिली, आणि सिस्टरांनी कुठेतरी कळवलं म्हणे, की या लोकांना शिकण्याची आवडच नाही, जागा ठेवली तरी येत नाहीत. फिदेस ओट्यावर येऊन काजं करू लागली. काम तसं कमीच झालं होतं. टेकडीवरच्या बायका माप द्यायला येत, पण टेप अंगाला लागताना जरा आखडत, आणि पुढच्या खेपेला येत नसत. गास्पार एकदा संध्याकाळी निलगिरीच्या रांगेने पावलं मोजत गेला आणि तसाच परत आला. विचारलं तर म्हणाला, सहज, पाय मोकळे करतोय.

फिदेसने एकदाच विचारलं. सुईत दोरा ओवता ओवता, वर न बघता.

"बाबा, मग मी कशात?"

"कॉलर पुन्हा मोज," मिबुरो म्हणाला. "तिरकी गेलीय."

ती मोजायला लागली. कॉलर सरळ होती.

रविवारी त्याने जाऊ नये असं कॅरितासचं म्हणणं. पण न जाणं म्हणजे कबूल करण्यासारखं झालं असतं, म्हणून तो गेला. लोकांनी आदराने जागा करून दिली. "या, या, शिंपीदादा," बारंपामा म्हणाला, आणि त्याच्या सुनेने मिबुरोच्या पुढ्यात एक छोटं मडकं आणून ठेवलं. नवंकोरं, काठ बारीक, बुतोयीच्या हातचं. काठोकाठ भरलेलं.

"तुमचं वेगळं ठेवलं," सून हळूच म्हणाली. "निवांत प्या. घाई नाही."

खापरी नव्हती. एवढा मान त्यांनी राखला होता.

समोर मोठ्या मडक्याभोवती नळ्या फिरायला लागल्या. मिबुरोने छोटं मडकं उचललं. उचललं आणि, काही कळायच्या आत, बोटाने वाजवून पाहिलं.

आवाज स्वच्छ आला. कुठे तडा नव्हता.

त्याने मान वर केली. सगळे त्याच्या बोटाकडे बघत होते, आणि या खेपेला हसलं कोणीच नाही, गास्पारसुद्धा नाही. मिबुरोने मडकं तोंडाला लावलं आणि पिऊ लागला.