वजा दहा

त्या कॉलेजच्या मैदानावर दोन प्रशिक्षक होते, मोठे सर आणि छोट्या मॅडम. मॅडमचं वय त्रेचाळीस, उंची सरांपेक्षा चार बोटं जास्तच. पण एकवीस वर्षं सहायक म्हणून काढली की माणूस छोटाच राहतो. सासूबाई अधूनमधून विचारायच्या, "मोठी कधी होणार गं तू?" मॅडम म्हणायच्या, "सर निवृत्त झाले की." हा विनोद दोघींना पाठ होता आणि अलीकडे त्याला दोघीही हसत नव्हत्या.

सहायकाने करायचं काय, हे नेमणुकीच्या पत्रात कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते सगळंच करावं लागे. चुन्याच्या रेघा ओढायच्या, अडथळे मांडायचे आणि उचलायचे, गोळे मोजून आत ठेवायचे, मुरगळलेल्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या आणि मुलींच्या आयांचे फोन घ्यायचे. सर शिट्टी वाजवत. संघ जिंकला की फोटोत सर मधोमध, आणि हरला की "सरावात काय कमी पडलं?" हे मॅडमना विचारलं जाई. मॅडम मुकाट्याने ऐकून घेत.

लांब उडीच्या बाबतीत मात्र त्यांचा एक हट्ट होता. मुलीने उडी मारली की तिने स्वतः मागे वळून वाळूतली आपली खूण बघायची, टेपवरचा आकडा स्वतः वाचायचा आणि मगच वाळूवर दाताळं फिरवायचं. "आधी बघ, मग मिटव," हे वाक्य एकवीस वर्षांत त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं, की मुली त्यांची नक्कल करताना हेच म्हणत. यामागे काहीतरी शास्त्र असणार, असं सगळ्या धरून चालत.

शास्त्र वगैरे काही नव्हतं. कारण व्यायामशाळेच्या भिंतीवर होतं. तिथे विक्रमांचा फलक होता आणि त्यावर मुलींच्या लांब उडीपुढे मॅडमचं लग्नाआधीचं नाव आणि आकडा होता: पाच मीटर एक्क्याण्णव. तो खोटा होता, आणि हे मॅडमखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी मैदानावरच्या टेपचं पुढचं टोक तुटलं होतं. नवा टेप येईपर्यंत सरांनी एक युक्ती काढली होती. शिपायाने टेपवरची दहा सेंटीमीटरची खूण वाळूतल्या खुणेवर धरायची, सरांनी उडीच्या फळीपाशी आकडा वाचायचा आणि त्यातून दहा वजा करायचे. वार्षिक स्पर्धेत दिवसभर सरांनी इमानेइतबारे दहा वजा केले. मॅडमची शेवटची उडी पडली तेव्हा पोरांनी कल्ला केला, सरांनाही भरून आलं, आणि "पाच एक्क्याण्णव!" असं त्यांनी टेपवर दिसलं तसं सांगून टाकलं. नवा विक्रम झाला. त्या गडबडीत वाळू सारखी करायचं राहून गेलं.

मॅडमचे वडील गवंडी. आपल्या टेपने मोजल्याशिवाय ते सख्ख्या भावाच्या भिंतीवरही विश्वास ठेवत नसत. "माझा टेप घेऊन जा आणि मोजून ये," ते हसत म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम हौसेने खरंच गेल्या. वाळूत त्यांच्या टाचेची खूण तशीच होती. त्यांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा पाच एक्क्याऐंशी आलं. थोडा वेळ त्या तिथेच बसून राहिल्या. मग कोपऱ्यातलं दाताळं घेतलं आणि वाळू सारखी केली. घरी येऊन वडिलांना म्हणाल्या, "बरोबर निघालं."

पुढच्या वर्षी त्यांनी पाच चौऱ्याऐंशी उडी मारली. खरं तर ती त्यांची आयुष्यातली सर्वांत लांब उडी, पण फलकाच्या हिशेबाने ती सात सेंटीमीटर कमी होती. सर चिडले. मॅडमनी मान खाली घातली आणि त्या वर्षाअखेर उड्या मारणं सोडलं. लवकरच सहायकाची जागा निघाली. "विक्रम हिच्या नावावर आहे," अशी शिफारस सरांनीच केली.

एवढं सगळं मॅडमनी पोटात ठेवलं होतं आणि ते तिथे सुखाने राहिलंही असतं, पण मध्ये नाकतोडी आली.

नाकतोडी म्हणजे दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. सगळी पायच पाय, म्हणून हे नाव. बोलायला लागली की थांबत नसे, पण धाव घ्यायला उभी राहिली की गप्प. कॉलेजचा नियम असा की विक्रम मोडेल त्यालाच राष्ट्रीय स्पर्धेला पाठवायचं. अर्ज जायचा शेवटचा दिवस शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत. सोमवारी मॅडमची मुलाखत होती, कारण सर महिनाअखेर निवृत्त होत होते. प्राचार्यांनी जाता जाता सांगून ठेवलं होतं, "काळजी करू नका. तुमचं नाव भिंतीवरच आहे."

शुक्रवारी दुपारी नाकतोडीने सहा उड्या मारल्या. पाचवी सर्वांत लांब पडली. तिने वळून खूण बघितली, टेपवर वाकली आणि आकडा वाचला.

"पाच शहाऐंशी," ती म्हणाली. मग फलकाचा आकडा आठवून बोटांवर मोजलं. "पाचच कमी पडले, मॅडम. पाच सेंटीमीटर म्हणजे किती असतात हो? माझी करंगळीसुद्धा नाही."

सहावी उडी आखूड पडली. नाकतोडी बूट काढत बसली आणि एक शब्दही बोलली नाही. त्या मुलीला गप्प बसलेलं मॅडमना बघवेना. त्या उठून सरांच्या खोलीकडे निघाल्या.

सर कपाट आवरत होते. तीस वर्षांच्या शिट्ट्या, चषक आणि सरावाच्या नोंदवह्या टेबलावर रचून ठेवल्या होत्या. मॅडमनी दार लोटून घेतलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: टेप, दहा सेंटीमीटर, वडिलांचा टेप, दाताळं. सांगायला तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इतक्या वर्षांच्या मानाने हे फारच थोडं झालं, असं त्यांना वाटून गेलं.

सर खुर्चीत बसले.

"झाकली मूठ आहे," ते म्हणाले. "कशाला उघडतेस? सोमवारी तुझी मुलाखत. माझे दहा दिवस राहिलेत."

"पोरीचं काय, सर?"

सरांनी कपाटाच्या तळाशी हात घातला आणि एक गुंडाळलेला टेप बाहेर काढला. टोक तुटलेला. तो त्यांनी का जपून ठेवला होता, देव जाणे. माणसं काहीही जपून ठेवतात.

"पुन्हा मोजू या की," सर हळूच म्हणाले. "दहावर धरायचं आणि वजा करायचं विसरायचं. पाच शहाण्णव. तिचा विक्रम झाला, तुझी नोकरी राहिली, माझी अब्रू राहिली. कुणाचं काय जातंय?"

मॅडमनी टेप हातात घेतला. तोड तर बिनतोड होती, आणि खोटं कशाला बोला, क्षणभर त्यांना मोह झाला.

"ते दहा सेंटीमीटर तुम्ही मला दिलेत, सर, पण ते मला कधी ओलांडता आले नाहीत," त्या म्हणाल्या. "तिच्या गळ्यात नको."

त्यांनी टेप टेबलावर ठेवला आणि रचलेल्या वह्यांतून एक जुनी वही ओढून काढली. पान शोधावं लागलं नाही. मग सरांच्याच कागदावर त्यांनी चार ओळी लिहिल्या: फलकावरचा आकडा मोजणीतल्या चुकीचा आहे; नोंदवहीप्रमाणे खरा विक्रम त्यापुढच्या वर्षीचा, पाच चौऱ्याऐंशी; आणि तो आज पाच शहाऐंशीने मोडला. खाली स्वतःची सही केली. "त्या वेळी मोजणारा" असं लिहून शेजारी जागा सोडली आणि कागद सरांपुढे सरकवला. घड्याळात साडेचार झाले होते.

(पुढचं इथेच सांगून टाकलेलं बरं. मॅडमना ती जागा मिळाली नाही. बाहेरून एक तरुण माणूस आला, वागायला बरा होता, आणि छोट्या मॅडम छोट्याच राहिल्या.)

सरांनी चष्मा लावला. कागद वाचला, मग वहीतली नोंद वाचली. अक्षर त्यांचंच होतं. आकड्यापुढे त्यांनी त्या वेळी लाल शाईने शेरा मारला होता. ते त्या शेऱ्याकडे बघत राहिले.

"त्या दिवशी मी तुला काय म्हणालो होतो?"

"जाऊ द्या, सर."

"सांग."

"म्हणालात, तुझ्यात आता काही राहिलं नाही."

"आणि तुला माहीत होतं? ही तुझी सर्वांत लांब उडी आहे, हे?"

"हो."

"तरी ऐकून घेतलंस."

मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. खाली मैदानावर नाकतोडी बुटांतली वाळू झटकत होती. तिला अजून काहीच ठाऊक नव्हतं. सरांनी पेन उचललं आणि सावकाश, पूर्ण नावाची सही केली. मग वही पुन्हा जवळ ओढून लाल शेरा खोडला.

"पाच चौऱ्याऐंशी," ते म्हणाले. "छान मारली होतीस, पोरी."

मॅडम कागद घेऊन प्राचार्यांच्या खोलीकडे निघाल्या. जिन्यात त्यांना रडू आलं, पण पाच वाजायला आले होते, म्हणून त्या थांबल्या नाहीत.