मानाची पहिली वाटी

शिवाजी पेठेत आकारामचं चिकनचं दुकान कुठं आहे, असं कुणी विचारत नाही. विचारलंच, तर विचारणारा पेठेतला नाही हे लगेच कळतं. दुकानाला पाटी आहे, पण पाटीपेक्षा मोठा फोटो आहे. फोटोत आकाराम डोक्याला फेटा बांधून, हातात पळी घेऊन उभा आहे आणि समोर तालमीच्या फुटबॉल संघाचा कॅप्टन वाटी पुढं करून बसलाय. गिऱ्हाईक नुसतं पाव किलो खिमा घ्यायला आलेलं असलं तरी आकाराम त्याला त्या फोटोची हकीकत सांगितल्याशिवाय पिशवी हातात देत नाही.

हकीकत अशी, की फायनलच्या आदल्या संध्याकाळी तालमीसमोरच्या गल्लीत संघाची पंगत बसते. मटण जड पडतं म्हणून कोंबडी, आणि कोंबडी आकारामच्या घरची. कॅप्टनच्या वाटीत पांढऱ्या रश्श्याची पहिली पळी आकारामनं ओतायची, मगच बाकीच्यांनी जेवायला सुरुवात करायची. हा मान त्याच्या वडलांपासून चालत आलेला. एरवी आकारामच्या डोक्यावर फेटा चढायचा योग फारसा आला नव्हता. लग्नात चढला होता, पण तो दुसऱ्याचा होता आणि सारखा डोळ्यांवर येत होता. त्यामुळं ही मानाची वाटी त्याला जिवापाड प्यारी होती.

यंदा त्या वाटीवर बदक येऊन बसलं.

ते आणलं विजयसिंहनं. विजयसिंह म्हणजे आकारामचा तालमीतला जुना जोडीदार. दोघं एकाच संघातून खेळले, विजयसिंह पुढं आणि आकाराम गोलात. विजयसिंहनं गोल केला की पेपरात नाव यायचं, आकारामनं गोल खाल्ला की त्याचंही यायचं. पुढं विजयसिंह शिरोळकडं सासऱ्याच्या शेतावर राहायला गेला, तिथं शेततळं खोदलं आणि त्यात बदकं सोडली. फायनलला थोडे दिवस राहिले असताना तो तालमीत उगवला तो एका हातात नृसिंहवाडीचे पेढे आणि दुसऱ्या काखेत जितंजागतं बदक घेऊन. पेढे वाटले आणि बदक कट्ट्यावर ठेवलं.

"यंदा पोरास्नी बदक घाला," तो म्हणाला. "कोंबडी खाऊन पोरं कोंबडीगत पळाय लागल्यात. बॉल दिसला की उलटीकडं!"

गेल्या वर्षीची फायनल संघ हरला होता, त्यामुळं कुणी हसलं नाही. आकारामच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या.

"आणि बदक खाऊन काय हुईल? डुलत चालतील!"

"जमिनीवर डुलतंय रं, पर पाण्यात बघ की. तुझी कोंबडी टाक पाण्यात, काय हुतंय बघू."

"मॅच काय रंकाळ्यात हाय व्हय?"

"आणि पाऊस लागला तर?" विजयसिंह म्हणाला, आणि आश्चर्य म्हणजे चार जणांनी माना डोलावल्या.

तालमीचे अध्यक्ष उदयसिंहदादा. दादांना कुणाचंही मन मोडवत नाही, त्यामुळं त्यांच्याकडं गेलेलं प्रत्येक भांडण दुप्पट होऊन बाहेर येतं. दादा म्हणाले, "शास्त्राला विचारू." शास्त्र जवळच राहत होतं. आकारामची मुलगी वर्षाराणी आहारशास्त्र शिकली होती. आकारामला वाटलं, आता काय काळजी, पोरगी आपलीच आहे.

वर्षाराणी आली, तिनं बदकाकडं बघितलं, बापाकडं बघितलं आणि सुस्कारा सोडला. "कोंबडीच्या छातीचं मांस कातडं काढून घेतलं, तर प्रोटीन जास्त आणि चरबी कमी."

"झालं!" आकाराम उठलाच.

"पप्पा, बसा. बदकात लोह जास्त असतं, कोंबडीच्या दुप्पट तरी."

"झालं!" आता विजयसिंह उठला.

"काका, तुम्ही पण बसा. बदक कातड्यासकट खाल्लं तर चरबी भरपूर पोटात जाते. कातडं काढलं तर दोन्हींतला फरक बराच कमी होतो."

"बदकाचं कातडं काढायचं?" विजयसिंह हादरला. "मग ऱ्हायलं काय, नुसतं क्वॅक?"

"मंजे जिंकलं कोण?" दादांनी विचारलं.

"कुणी नाही. कुठला तुकडा, कातडं आहे का नाही आणि शिजवलंय कसं, त्यावर सगळं."

असलं उत्तर तालमीत चालत नाही. तिथं कुणाची तरी पाठ मातीला लागावी लागते. दोघांनी शास्त्रातला आपापल्या सोयीचा शब्द तेवढा उचलला आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीत दंगा सुरू झाला. आकाराम दुकानातून "प्रोटीन!" ओरडायचा आणि समोर व्हॅन लावून बसलेला विजयसिंह "लोह!" ओरडायचा. "लोह पायजे तर तालमीचं गेट चाटा की," असं आकाराम गिऱ्हाइकांना सांगू लागला. गल्लीतल्या बायका भाजीला जाताना मधला रस्ता टाळायला लागल्या.

शेवटी दादांनी तोडगा काढला. शनिवारी संध्याकाळी संघाचे दोन भाग करायचे. अर्ध्यांना कोंबडी, अर्ध्यांना बदक. रविवारी सकाळी गांधी मैदानावर त्यांची आपसात मॅच. जी बाजू जिंकेल तिचं जेवण फायनलला, आणि कॅप्टनची वाटी भरायचा मानही ते जेवण आणणाऱ्याचाच. हे ऐकून आकाराम दुकानात जाऊन फोटोपुढं उभा राहिला. फोटोतल्या फेट्याखाली त्याला विजयसिंहचं तोंड दिसायला लागलं.

"पर दोन्ही एकाच हातानं शिजलं पायजे," विजयसिंह म्हणाला. "तानावैनींच्या. आक्या लबाड हाय, वैनी न्हाईत."

तानाबाई म्हणजे आकारामची बायको. तिला कुणी विचारलं नाही. ती त्या वेळी घरात मसाल्याचं खोबरं भाजत होती.

शुक्रवारी बदकं आली आणि आकारामच्या न्हाणीत मुक्कामाला राहिली. आकारामनं अंघोळीला तांब्या उचलला की ती सगळी मिळून ओरडायची. शनिवारी सकाळी ती साफ करताना तर त्याची पार दमछाक झाली. कोंबडी गरम पाण्यात बुडवली की अंगावरचं काढून देते. बदकाचं वरचं पीस निघालं की खाली आणखी पिसं, आणि त्याच्याखाली लव. "ह्येचा कोट निघता निघंना झालाय," म्हणत आकाराम दुपारपर्यंत उपटत बसला. आपल्याच हातानं शत्रूला पंगतीसाठी तयार करायची वेळ आली, याचं त्याला फार वाईट वाटलं.

दुपारी त्याच्या मनात पाप आलं. तानाबाई कांदा चिरत होती. दोन पातेली रटरटत होती. आकाराम मुठीत मीठ घेऊन, कसलंसं गाणं गुणगुणत बदकाच्या पातेल्याकडं सरकला.

"मूठ उघडा," तानाबाई मागं न बघताच म्हणाली.

आकारामनं मूठ उघडली.

"भाईर."

आकाराम बाहेर गेला.

संध्याकाळी गल्लीत दोन रांगा बसल्या. डावीकडं कोंबडीवाले, त्यांत कॅप्टन प्रसेनजीत. उजवीकडं बदकवाले, त्यांत गोलकीपर राजवीर. ताटं वाढली. पहिला भुरका मारला. मग दोन्हीकडून एकदम आरडाओरडा सुरू झाला, "तांबडा वाढा! पांढरा वाढा!" वाढपी धावून धावून घामेघूम झाले. प्रसेनजीतनं वाटी बाजूला ठेवून तांब्या पुढं केला. आकारामचं लक्ष सगळं बदकवाल्यांकडं. ते इतके खूश दिसत होते की त्याला घास जाईना.

रिकामी पातेली घेऊन तो घरी आला, तेव्हा तानाबाई पातेल्याच्या तळाला राहिलेलं खरवडून आपल्या ताटात घेत होती. तिनं नेहमीसारखं विचारलं, "कसं झालतं?"

"बरं हुतं," आकाराम नेहमीसारखं म्हणाला आणि उद्याच्या काळजीनं अंथरुणावर पडला.

रविवारची मॅच गांधी मैदानानं कधी पाहिली नसेल अशी झाली. शिट्टी वाजली आणि कुणी हललंच नाही. बॉल मधोमध पडला होता आणि दोन्ही बाजूंचे लोक त्याच्याकडं मोठ्या प्रेमानं बघत होते. "तू घे," "न्हाय भावा, तूच घे," असं चाललं होतं. राजवीर गोलच्या खांबाला टेकून झोपला होता, आणि त्याला जाग येईल असा एकही फटका कुणी मारला नाही. अखेर बॉलच उतारावरून घरंगळत बाहेर गेला. तो आणायला कुणी जाईना, तेव्हा दादांनी मॅच थांबवली. शून्य शून्य.

"आमच्या पोरांची ढेकर जोरात हुती," विजयसिंह म्हणाला.

"ढेकरीवर कप देत्यात व्हय?"

दादांनी प्रसेनजीतला हलवून विचारलं, "बाबा, तू कोंबडी खाल्लीस. कसं वाटलं?"

"दादा, तांबडा नाद खुळा!" प्रसेनजीत डोळे मिटूनच म्हणाला. "आणि पांढरा तर काय सांगू."

"आमचाबी पांढरा लई भारी हुता," कुणीतरी बदकवाला कण्हत म्हणाला.

वर्षाराणी मैदानाच्या कडेला उभी होती. तिच्या कपाळाला आठी पडली. "आईनं पातेली किती लावलेली, पप्पा?"

"दोन," आकाराम म्हणाला, आणि मग त्याचाही चेहरा बदलला.

सगळी वरात आकारामच्या घरी गेली. तानाबाई दारात लसूण निवडत बसली होती.

"वैनी, रस्सा कशाकशाचा केलासा?" दादांनी विचारलं.

"बदकाचा तांबडा, कोंबडीचा पांढरा. बदक कसलं तेल सोडतंय! पांढऱ्यात घातलं असतं तर तो पांढरा ऱ्हायला असता व्हय?"

"मग कोंबडीवाल्यास्नी तांबडा कुठला दिलासा?"

"बदकाचाच की."

"आणि बदकवाल्यास्नी पांढरा?"

"कोंबडीचा. फोडी ज्याच्या त्याला वाढल्या, त्यात माझी चूक न्हाई. पर रस्सा? ताटात एकच वाटी ठिवू? जेवाय पोरं बसवल्यासा का कैदी?"

आठवडाभर एवढा दंगा केला, पण एका रश्श्याचं ताट कसं दिसेल हे तालमीतल्या एकालाही सुचलं नव्हतं. आणि सुचलं असतं तरी तसलं ताट वाढायला कुणाचा हात धजला नसता.

वर्षाराणी हसून हसून भिंतीला टेकली. "दोन फोडी खाल्ल्या आणि बादलीभर रस्सा प्याला! पप्पा, ही परीक्षा कोंबडीची नाही आणि बदकाची पण नाही. खोबऱ्याची झाली!"

"मग फायनलचं कोण बघायचं?" दादा रडकुंडीला आले.

प्रसेनजीत उंबऱ्यावर बसला होता, कारण त्याला उभं राहवत नव्हतं. तो म्हणाला, "कायबी आणा. मावशीचा रस्सा पायजे. मान मावशीचा."

पोरं "व्हय व्हय" करायला लागली. दादांनी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा झटकन निकाल दिला, "मान तानावैनींचा!" आकारामला वाटलं, आपल्या पायाखालची फरशी कुणीतरी काढून घेतली. विजयसिंहनं मान नेला असता तर त्याच्याशी जन्मभर भांडता तरी आलं असतं. आता भांडायचं कुणाशी? त्याला खरोखर रडू आलं, आणि ते लपवायला तो लसणाच्या पाकळ्या वेचू लागला.

तानाबाईनं त्याच्याकडं बघितलं. "मला फेटा नको," ती म्हणाली. "पळी ह्येंच्याच हातात ऱ्हाऊ द्या. पर यंदा मी शिजवणार न्हाई. मी खुर्ची टाकून सांगीन, तुमी दोघांनी करायचं. आणि मला पंगतीला बसायचंय. गरम गरम. दरसाल मला तळाचं मिळतंय."

आकारामच्या हातातली पाकळी हातातच राहिली. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती, आणि आता ती ध्यानातून जाईना.

फायनलच्या आदल्या दिवशी सकाळपासून दोघं चुलीपुढं होते. या खेपेला कोंबडी आणि बदक मिळून चार पातेली लावली होती. विजयसिंहचे डोळे कांद्यानं सुजले होते. आकारामनं खोबरं दोनदा करपवलं. तानाबाई खुर्चीवरून "परता, परता," म्हणत होती आणि वर्षाराणी तेलाची किटली घेऊन पळून जात होती. "प्रोटीन" आणि "लोह" हे शब्द दिवसभरात कुणाच्या तोंडून निघाले नाहीत.

संध्याकाळी पंगत बसली. पहिल्या पाटावर तानाबाई, नव्या लुगड्यात, पाठ ताठ करून. शेजारी प्रसेनजीत. आकाराम फेटा बांधून पळी घेऊन आला. रिवाजाप्रमाणं तो कॅप्टनपुढं वाकला. प्रसेनजीतनं वाटीवर हात ठेवला. "आधी मावशी."

आकाराम तानाबाईपुढं वाकला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिला वाढायला तो कधी वाकला नव्हता. थोडा रस्सा पानावर सांडला. तिनं वाटी उचलली, फुंकर घातली आणि एक भुरका घेतला. सगळी गल्ली तिच्या तोंडाकडं बघत होती. आकारामचा जीव कानात गोळा झाला होता.

"कसं झालंय?" त्यानं विचारलं.

तानाबाईनं पदरानं ओठ टिपले.

"बरं हाय," ती म्हणाली.