सीपीयूच्या पोटात

बाबांनी सीपीयू जेवणाच्या टेबलावर आडवा केला आणि त्याच्या कुशीवर एक चापट मारली. आतून भसकन धूळ उडाली.

"बाबा, या टेबलावर जेवतो आपण!"

"जेवायच्या आधी पुसतो ना. स्क्रूड्रायव्हर दे बघू, ठकू."

ठकूची चाळिशी उलटून गेली होती, ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणत. पण बाबांच्या लेखी ती ठकूच. आई गेल्यावर बाबा नुकतेच तिच्याकडे राहायला आले होते. येताना आणल्या दोन बॅगा आणि हे धूड! छापखान्यात अक्षरजुळणी करता करता ते निवृत्त झाले, आणि संसाराला लागणारी वरकड कमाई घरी बसून याच मशीनवर केली. अजूनही एखादा जुना प्रकाशक पुस्तक जुळणीला पाठवी आणि बाबा दहा वर्षांनी तरुण होत.

पण मशीन ठेवलं होतं ठकूच्या लेकीच्या, चिंगीच्या खोलीत. बाबांना पहाटे कामाला बसायची सवय, आणि बटण दाबलं की कोणी उशाशी मिक्सर लावावा तसा आवाज. काल नात रडकुंडीला आली, तेव्हा ठकूने निक्षून सांगून टाकलं होतं, "आवाज थांबत नसेल तर मशीन भंगारात. मी तुम्हाला लॅपटॉप घेऊन देते."

"बरं," एवढंच म्हणाले होते बाबा. त्या एका शब्दाने ती रात्रभर कूस बदलत राहिली होती. म्हणून तर आज रजा टाकून, चिंगी शाळेत असताना, ती हातात ब्रश घेऊन उभी होती.

धूळ निघाली. बाबांनी पंख्याच्या मधलं स्टिकर नखाने उचललं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि ते परत दाबून बसवलं. मशीन लावून पाहिलं. घरघर थांबली होती, पण पत्र्याचा डबा मेला थरथरतच होता.

"पंखाच सोडवून बघू," म्हणून ठकूने मशीन बंद करून स्क्रू काढले. पंखा आणि पत्रा यांच्यामधून खड्यांसारखं काहीतरी टपटप टेबलावर पडलं. तिने एक तुकडा उचलला. गुलाबी. कडेला शाईने काढलेलं अर्धं फूल.

हे फूल आईचं. लेक वेंधळी, म्हणून आई तिच्या प्रत्येक खोडरबरावर फूल काढून द्यायची, आणि तरी ते हरवायचंच. "खोडरबर खातेस की काय गं?" आई कावायची. वस्तू हरवतात त्या आपल्याच हातून, हे ठकूच्या मनात इतकं पक्कं बसलं होतं, की आजही ऑफिसातून निघताना ती पर्स पुन्हा पुन्हा चाचपायची. तिने तुकडा नाकाशी नेला. पूर्वी त्याला गोड वास असायचा. आता नुसती धूळ.

"बाबा, ही माझी आहेत."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हो. पंखा थेट पत्र्याला लागला की थरथरतो. मध्ये मऊ काहीतरी लागतं. एकच खोली होती आपली. तू झोपेत दचकून उठायचीस."

"मग दर वेळी माझंच?"

"वाळून कडक व्हायची ना ती. आणि तुझं दप्तर तिथेच असायचं, हाताशी."

"मी बोलणी खायचे तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"पेपर वाचायचो," बाबा पुटपुटले. "तुझ्या आईला कळलं असतं तर मशीन घराबाहेर फेकलं असतं तिने."

ठकूला रागवायचं होतं. खरंच होतं. पण आधी हसू फुटलं आणि मग डोळे भरून आले. तेव्हा आईने मशीन फेकलं असतं, आणि काल ती स्वतः ते भंगारात काढायला निघाली होती!

"राहू दे गं," बाबा पंखा उलटासुलटा करत म्हणाले. "शिकेन मी लॅपटॉपवर."

ती चिंगीच्या खोलीत गेली. परत आली तेव्हा तिच्या एका हातात कटर होता आणि दुसऱ्यात कोरं करकरीत खोडरबर.

पंखा बसल्यावर बाबांनी बटण दाबलं. काहीच ऐकू येईना, म्हणून त्यांनी पत्र्यावर तळहात ठेवला. "चालू आहे," ते हळूच म्हणाले, आणि हात बराच वेळ तिथेच राहू दिला.

संध्याकाळी चिंगी गृहपाठाला बसली. जरा वेळाने कंपास पेटी घेऊन बाहेर आली. चेहरा एवढासा झालेला.

"आई, खोडरबर हरवलं. शप्पथ, मी नीट ठेवलं होतं."

समोर बाबांनी चटकन पेपर उघडून तोंडापुढे धरला.

ठकूने लेकीला जवळ ओढलं. "ठेवलंच असशील तू नीट," ती म्हणाली. "तू नाही काही वेंधळी. उद्या नवीन आणू."

पेपर हळूहळू खाली आला.