लोड लावल्यावर

"वा वहिनी! तेरा व्होल्ट दाखवतंय की!" मीटरवरचा आकडा पाहून माझा धाकटा दीर हरखला. "बाकीचे सगळे दुकानवाले म्हणाले, भंगारात घाला."

"चारही तशाच आहेत, भावजी. उचला."

चार्जरवरून नुकती काढलेली बॅटरी मीटरवर तोऱ्यात असतेच. तिच्यात खरा जीव किती, ते लोड लावल्यावर, म्हणजे तिच्यातून दणकून करंट ओढल्यावर कळतं. मी लोड लावला नव्हता. मुद्दाम! सकाळी हायड्रोमीटरने ॲसिड ओढून पाहिलं, तेव्हाच कळलं होतं की दोन बॅटऱ्या संपल्यात. दिराच्या हॅचरीपर्यंत विजेची लाइन पोचलेली नाही, सगळा कारभार सोलरवर. मशीनमध्ये अंडी, पिल्लं एकदोन दिवसांत बाहेर यायची. ऊन उतरलं की मशीन थंड पडणार आणि शेठच्या हाती सडकी अंडी येणार. येऊ देत. माझ्या घराची राखरांगोळी करूनच हा शेठ झाला होता.

आधी दोघा भावांचं एकच बॅटरीचं दुकान होतं. एके दिवशी चार्जिंगवरून काढताना एक बॅटरी ह्यांच्या तोंडावर फुटली. डोळे गेले, चेहरा भाजला. आणि ह्या दिवट्याने गावभर सांगितलं, दादा बॅटरीवर वाकून सिगारेट ओढत होता म्हणून. आमच्या धंद्यात याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट नाही. चार्जिंगच्या गॅसला ठिणगी लागली की खेळ खलास, हे शेंबडं पोरही जाणतं. माझ्या नवऱ्याने जन्मात सिगारेटला हात लावला नाही, तरी लोक त्यांना झुरकेबुवा म्हणायला लागले. तोंडावर, हसत, वर प्रेमाने! दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. खरं काय ते मला ठाऊक होतं. जुन्या बॅटऱ्या नव्या म्हणून खपवायला हा वरून काळा रंग मारायचा आणि त्या रंगात बुचांची भोकं बुजायची. आत गॅस कोंडला, चिमटा काढताना ठिणगी उडाली, झालं. फुटलेली बुचं मी दारोदार दाखवली, पण बायकोचं कोण खरं मानतो?

दीर पहिली बॅटरी उचलायला वाकला. कोपऱ्यात हे हाताने चाचपत टर्मिनल घासत बसले होते.

"अगं, लोड लावलास?"

"लावला."

"चर्र झालं नाही."

"तुमचं लक्ष नसेल."

घासायचा आवाज थांबला. डेअरीवाल्या काकू आणि शाळेचा शिपाई आपापल्या बॅटऱ्यांसाठी बाकावर बसले होते. त्यांच्यासमोरच हे म्हणाले, "इथून खोटी बॅटरी बाहेर गेली, तर त्या दिवशी मी सिगारेट ओढत होतो असं समज."

मला रडू फुटायचंच बाकी होतं, आणि तेही संतापाने. इतक्या वर्षांनी शिकार दारात आली, तर नवराच आडवा! मी त्यातल्या एकीला लोड टेस्टरचे चिमटे लावले. चर्र झालं आणि काटा धाडकन खाली आला. दिराचं तोंडही उतरलं.

"दोन मेल्यात, भावजी. दोन चालतील."

"अहो, पण अंडी मरतील माझी! तुमच्या रॅकमधल्या द्या ना दोन. म्हणाल ती किंमत."

"ती बॅटरी का फुटली, ते ह्या दोघांसमोर सांगा. हीच किंमत."

"आता कशाला जुनी मढी उकरायची…"

"ऊन उतरतंय."

त्याने दादाकडे पाहिलं. दादाला ते दिसणार नव्हतं. मग मान खाली घालून काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोला. काकूंना ऐकू कमी येतं."

"मला चांगलं येतं ऐकू," काकू फणकारल्या. "पण तू मोठ्यानंच बोल, मेल्या."

"दादा सिगारेट ओढत नव्हता. भोकं माझ्या रंगानं बुजली होती. मला माहीत होतं ते."

शिपाई बाकावरून उठला. "आणि आम्ही इतकी वर्षं ह्या माणसाला…"

मी दोन बॅटऱ्या काढून दिल्या. गाडीत चढवायला हात लावला नाही. त्याची पाठ दाराबाहेर गेली, तेव्हा जिवाला गार वाटलं. खोटं कशाला बोलू?

काकू आणि शिपाईही आपापल्या बॅटऱ्या घेऊन गेले. ह्यांनी टर्मिनल पुन्हा घासायला घेतलं नाही. मला वाटलं, चिडलेत. दुकानात कोणीही आलं की मान भिंतीकडे फिरवायची त्यांना सवयच लागली होती. आज मान सरळ होती. त्यांनी गालावरून सावकाश हात फिरवला.

"अगं, माझा चेहरा कसा दिसतो?"

बॅटरी फुटली त्या दिवसापासून त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं.

"खरं सांग हं," ते म्हणाले.

मी हात धुतले, स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले आणि डाव्या भुवईपासून सांगायला सुरुवात केली.